आपली यादी, आपला क्रम

सकाळी ६:१०

नोव्हेंबर लागला की मानेसरमध्ये दिवस हवेच्या आकड्यानं सुरू होतो. खिडकीतून समोरची इमारत कितपत दिसते यावरून अंदाज येतो, पण अंदाजावर ट्रक सोडता येत नाहीत. दिल्ली आणि आसपासच्या परिसरासाठी वायुगुणवत्ता व्यवस्थापन आयोग आहे. हवेचा निर्देशांक चढेल तसे तो टप्प्याटप्प्यानं निर्बंध लावतो. या टप्प्यांना इथं सगळे ‘ग्रॅप’ म्हणतात. निर्देशांक २०१ ते ३०० असला तर पहिला टप्पा, ३०१ ते ४०० दुसरा, ४०१ ते ४५० तिसरा आणि ४५०च्या वर चौथा. तिसऱ्या टप्प्यात बहुतेक बांधकामं थांबतात, शिवाय दिल्ली आणि गुरुग्रामसारख्या जिल्ह्यांत बीएस-३ पेट्रोल आणि बीएस-४ डिझेल मोटारी रस्त्यावर आणायला बंदी येते. चौथ्यात जीवनावश्यक माल नेणारे सोडले तर जुन्या डिझेल ट्रकांना दिल्लीत शिरता येत नाही. आमचा काही माल दिल्लीतल्या गोदामात जातो, त्यामुळं आज कोणता टप्पा आहे हे डिस्पॅचवाल्यांना पहिली गाडी भरायच्या आधी कळावं लागतं.

फोनवरच्या ग्रुपमध्ये या वेळेपर्यंत मेसेज येऊन पडलेले असतात. एकात ‘चौथा लागला’, दुसऱ्यात ‘चौथा उठला’. सोबत आदेशाचा फोटो, तोही वरून कापलेला, तारीख नसलेला. ते मी उघडत नाही. चहाचं आधण ठेवते आणि फीड रीडर, म्हणजे निरनिराळ्या संकेतस्थळांवरच्या नव्या नोंदी एका जागी दाखवणारं अ‍ॅप, उघडते. त्यात ‘हवा आणि रस्ता’ नावाचा फोल्डर केला आहे. केंद्र सरकारची प्रसिद्धिपत्रकं पत्र सूचना कार्यालय, म्हणजे पीआयबी, काढतं आणि त्यांचं आरएसएस फीडही, म्हणजे रीडरला वाचता येणारी ताज्या नोंदींची यादीही, देतं. आयोगाचा निर्णय पत्रकाच्या रूपात तिथं येतो. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या ‘सचेत’ पोर्टलचं इशाऱ्यांचं फीडही त्याच फोल्डरमध्ये आहे. दाट धुक्याचा इशारा असला की ४८ नंबरच्या हायवेवरच्या गाड्यांना उशीर धरूनच चालावं लागतं.

काल रात्रीचं पत्रक दिसतं: तिसरा टप्पा लागू. मूळ पत्रक उघडून आधी तारीख बघते, मग मजकूर नीट वाचते. टप्प्यांमधल्या निर्बंधांची यादी आयोग वेळोवेळी सुधारतो, त्यामुळं गेल्या हिवाळ्यातलं पाठांतर कामाला येत नाही. डिस्पॅचच्या इन्चार्जना दोन ओळी पाठवते: आपले ट्रक जातील, स्टोअरच्या शेडचं बांधकाम आजपासून बंद ठेवा, सोबत पत्रकाची लिंक. तोवर चहाला उकळी आलेली असते.

सकाळी ७:५०

सेक्टर १ मधून कारखान्यापर्यंत शेअर रिक्षा. कानात पॉडकास्ट. पॉडकास्ट ऐकणाऱ्या बहुतेकांना माहीत नसतं, पण तेही आरएसएसच असतं. नोंदीबरोबर ऑडिओ फाइलचा पत्ता जोडायची सोय २०००च्या अखेरीस आरएसएसमध्ये आली आणि तिच्यावरच पुढं पॉडकास्ट हा सगळा प्रकार उभा राहिला. आपण अ‍ॅपमध्ये ‘फॉलो’ दाबतो तेव्हा ते अ‍ॅप बहुतेक वेळा एका फीडचा पत्ता लिहून घेतं. आरएसएस कधी वापरलं नाही असं म्हणणाऱ्या माणसानं ते अशा वाटेनं वापरलेलं असतं.

सकाळी ८:४५

मी वाहनांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात नियम आणि मंजुऱ्यांचं काम बघते. आधी चाकणला होते. मानेसरला हे काम करायला बरं, कारण वाहनांच्या चाचण्या करणारी ‘आयकॅट’ ही संस्था इथंच आहे, आणि मोटारींच्या आणि दुचाकींच्या मोठ्या कारखान्यांभोवती आमच्यासारखे पुरवठादार दाटीनं वसलेले आहेत. कोणत्या देशानं कोणता नियम बदलला, त्यामुळं आपल्या भागाची नव्यानं चाचणी करावी लागेल का, लेबलवरचा मजकूर बदलेल का, हे वेळेत कळणं हे माझं काम. उशिरा कळलं तर भाग तयार होऊन गोदामात पडून राहतो.

टेबलाशी बसले की पहिली पंचवीस-तीस मिनिटं फीडची. ‘हवा आणि रस्ता’ सोडून माझे तीन फोल्डर आहेत: ‘आज’, ‘आठवड्यातून’ आणि ‘फुरसतीत’. ‘आज’मध्ये फार थोडी फीडं ठेवली आहेत आणि ती मी रोज शेवटपर्यंत वाचते. शेवटपर्यंत या शब्दावर माझा जीव आहे. फोनवर बाकी जे काही सरकवत आपण वाचतो त्याला तळ नसतो, तिथून थकून उठावं लागतं. फीडमध्ये कालपासून आजपर्यंत आलेल्या नोंदी असतात, त्या संपतात, आणि खाली लिहिलेलं येतं की न वाचलेलं काही उरलेलं नाही. मग आपण कामाला लागतो.

दुसरी गोष्ट क्रमाची. जे आधी प्रसिद्ध झालं ते आधी, जे नंतर ते नंतर. कोणाला काय आवडेल याचा हिशेब करून कोणी वरखाली करत नाही. नियमांच्या कामात हे फार मोलाचं आहे, कारण दुरुस्तीचं पत्रक मूळ पत्रकाच्या आधी वाचलं की माणूस गोंधळतो.

सकाळी १०:००

लातूरचा एक मुलगा आमच्याकडं ट्रेनी म्हणून आला आहे. मेकॅनिकलचा डिप्लोमा झालाय, कासन गावात तिघांत मिळून एक खोली घेतली आहे. माझ्या खुर्चीमागं उभं राहून तो विचारतो, “काय बघायलाव मॅडम? मेल तर दिसंना.”

“मेल नाही, फीड आहे. खुर्ची ओढ आणि बस.”

आरएसएस समजायला संगणकशास्त्र शिकावं लागत नाही. संकेतस्थळाचं पान माणसांनी बघायचं असतं, म्हणून त्यात रंग, चित्रं, सरकत्या पट्ट्या, जाहिराती असं सगळं असतं. त्याच संकेतस्थळावर बाजूला एक साधी फाइल ठेवलेली असते, तिच्यात फक्त ताज्या नोंदींची यादी. ती फाइल म्हणजे फीड. कारखान्याच्या गेटवर नोटीस बोर्ड असतो आणि आपण येताजाता त्यावर नजर टाकतो, तसं फीड रीडर हे अ‍ॅप आपल्या वतीनं शंभर गेटांवर जाऊन येतं आणि नवं काही लागलं असेल तेवढं आपल्यापुढं आणून ठेवतं.

त्याला हे तोंडी पटत नाही, मशिन उघडून बघायची सवय असलेला मुलगा आहे. म्हणून रिझर्व्ह बँकेच्या प्रसिद्धिपत्रकांचं फीड मी रीडरमध्ये न उघडता सरळ ब्राउझरमध्ये उघडते. पडद्यावर टोकेरी कंसांची भरताड दिसते आणि तो मागं सरकतो. “घाबरू नको, वरून खाली वाच.” सर्वांत वर ‘चॅनल’: संकेतस्थळाचं नाव, पत्ता, हे फीड कशाचं आहे त्याची एक ओळ. त्याखाली एकापाठोपाठ एक ‘आयटम’. फीडच्या आयटममध्ये साधारणपणे ‘टायटल’ म्हणजे मथळा, ‘लिंक’ म्हणजे मूळ पानाचा पत्ता, ‘डिस्क्रिप्शन’ म्हणजे सारांश किंवा पूर्ण मजकूर, ‘पबडेट’ म्हणजे प्रसिद्धीची तारीख-वेळ, आणि ‘जीयूआयडी’ म्हणजे त्या नोंदीची कायमची ओळख. एक आयटम त्यानं बोट ठेवून स्वतः वाचला. मग म्हणाला, “म्हणजे हे आपल्या पार्टवरच्या टॅगसारखंच झालं की.”

त्यातल्या ‘जीयूआयडी’वर मी जरा जास्त वेळ घालवते, कारण रीडरचं सगळं शहाणपण तिथं आहे. आपण नोंद वाचली की रीडर ती ओळख लक्षात ठेवतो. उद्या संकेतस्थळानं मथळ्यातली चूक सुधारली तरी ओळख तीच असते, म्हणून जुनी नोंद पुन्हा नवी म्हणून समोर येत नाही. आणि कधी एखाद्या सकाळी एकाच ठिकाणच्या वाचलेल्या सगळ्या नोंदी पुन्हा ‘न वाचलेल्या’ होऊन आल्या, तर समजावं की त्यांनी संकेतस्थळाची यंत्रणा बदलली आणि ओळखी नव्यानं दिल्या. अशा वेळी सगळं ‘वाचलं’ म्हणून खूण करायची आणि पुढं जायचं.

“मग हे अ‍ॅप दिवसभर त्यांच्या दारात जाऊन बसतं? त्यांच्या सर्व्हरला तरास नाही होत?”

प्रश्न चांगला आहे. रीडर ठरावीक वेळानं जातो आणि गेल्यावर सांगतो की मी मागच्या वेळी अमुक वेळेला आलो होतो. मधल्या काळात काही बदललं नसेल तर सर्व्हर ‘३०४’ हा एक आकडा पाठवतो. त्याचा अर्थ, बदल नाही. फाइल पुन्हा पाठवायचं कारणच राहत नाही. आणि ऑनलाइन सेवा असली तर तिच्या हजारो वाचकांसाठी ती एकदाच जाऊन येते.

“नंबर द्यावा लागतो का त्यांला?”

नाही. नंबर नाही, ईमेल नाही, नाव नाही. वर्गणी घेतली हे त्या संकेतस्थळाला कळवायचं नसतं, सोडली तरी कळवायचं नसतं. यादी आपल्या रीडरमध्ये असते. एखादं फीड नको झालं की काढून टाकायचं, ‘तुम्ही का चाललात’ असं विचारणारा मेल येत नाही. (इंटरनेटवर इतक्या सभ्यपणे चालणाऱ्या गोष्टी फार उरलेल्या नाहीत.)

मग त्याच्या फोनवर रीडर घेतला. ब्राउझरमध्येही आणि फोनवरही तीच यादी हवी असेल तर फीडली किंवा इनोरीडर बरे, दोन्हींचं फुकट खातं नवशिक्याला पुरतं. अँड्रॉइडवर ‘फीडर’ नावाचं साधं मुक्त अ‍ॅप आहे, त्याला खातंसुद्धा लागत नाही. ॲपलवाल्यांसाठी नेटन्यूजवायर. ऑफिसच्या संगणकावर थंडरबर्डमध्ये मेल बघत असाल तर त्यातच फीडचीही सोय आहे. मुलानं ‘फीडर’ घेतलं.

पत्ता कसा शोधायचा, हा नवशिक्याचा खरा अडथळा. बहुतेक वेळा संकेतस्थळाचा नेहमीचाच पत्ता रीडरमध्ये टाकला की तो आतल्या आत फीड शोधून काढतो. नाही सापडलं तर पानाच्या तळाशी केशरी चौकोन बघायचा, त्यात एक टिंब आणि त्यातून निघालेल्या दोन कमानी असतात. तेही नसेल तर अंदाज: वर्डप्रेसवर चालणाऱ्या संकेतस्थळाच्या पत्त्यापुढं तिरकी रेघ देऊन ‘फीड’ लिहायचं. मराठीतली कितीतरी संकेतस्थळं वर्डप्रेसवर आहेत आणि ही युक्ती तिथं चालून जाते. यूट्यूबच्या प्रत्येक चॅनलचं फीड असतं, त्यात ताजे पंधरा व्हिडिओ असतात. मुलानं पहिलं फीड घेतलं ते कॅड शिकवणाऱ्या एका चॅनलचं. दुसरं मराठी दैनिकाचं घ्यायला निघाला, तिथं मी त्याला थांबवलं.

नवशिके इथंच दमतात. उत्साहात चार वर्तमानपत्रांची पूर्ण फीडं घेतात, दुसऱ्या दिवशी काही शे नोंदी साचलेल्या दिसतात आणि आठवड्यात अ‍ॅप काढून टाकतात. वर्तमानपत्र रोज बदलतं, आपण त्याच्याकडं तसंही जातोच. फीड खरं उपयोगी पडतं ते क्वचित बदलणाऱ्या ठिकाणांसाठी. जो माणूस दोन महिन्यांतून एक लेख लिहितो, जी संस्था वर्षातून तीन परिपत्रकं काढते, ज्या चॅनलवर दिवाळीच्या आसपासच काही येतं, तिथं रोज जाऊन बघणं कोणाला जमत नाही आणि न बघता बसलं तर नेमकं चुकतं. अशी ठिकाणं शंभर घेतली तरी दिवसाला एक-दोनच नोंदी येतात. दैनिक घ्यायचंच असेल तर संपूर्ण घेऊ नये, एखाद्या विभागाचं घ्यावं: अग्रलेख, किंवा आपला जिल्हा.

सकाळी ११:४०

ग्राहक कंपनीचे ऑडिटर येतात. दीड तास कागद, बिन, टॅग, कॅलिब्रेशनच्या तारखा. फीडचा यात संबंध एवढाच की मागच्या ऑडिटनंतर कोणता नियम बदलला आणि तुम्हाला कधी कळला, असं विचारलं तर मी रीडरमधल्या नोंदीची तारीख दाखवते.

दुपारी १:१५

कँटीनमध्ये कढी-चावल. मुलगा समोर येऊन बसतो. डब्यात घरून आलेली शेंगाचटणी आहे, ती माझ्या ताटात वाढतो आणि टेबलावरचं ‘मॅडम’ इथं ‘ताई’ होतं. “ताई, हे काढलं कुणी?”

त्याला हे सांगायला मला मनापासून आवडतं. मार्च १९९९ मध्ये नेटस्केप कंपनीत आरएसएसची पहिली आवृत्ती झाली, आणि ती करणाऱ्यांतले प्रमुख होते रामनाथन गुहा. आयआयटी मद्रासचे, आणि पदवी मेकॅनिकल इंजिनिअरिंगची. मुलाचा घास हातात राहतो. नेटस्केपनं पुढं त्यातून अंग काढून घेतलं, तेव्हा डेव्ह वायनर यांनी ते साधं-सोपं ठेवून पुढं नेलं. २००२ मध्ये आलेली २.० ही आवृत्ती त्यांचीच, आणि आजही जगभर मुख्यतः तीच चालते. दरम्यान २०००च्या डिसेंबरात वेगळ्या वाटेची १.० आवृत्ती निघाली, तिच्या गटात ॲरन स्वार्ट्झ होता. तेव्हा त्याचं वय चौदा. पुढं २००५ मध्ये ‘ॲटम’ नावाचा दुसरा नमुना आला. वाचणाऱ्याला त्या फरकाशी काही देणंघेणं नाही, कोणताही रीडर दोन्ही वाचतो.

मला यात सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते २०१३ साल. गूगल रीडर २००५ पासून चालू होतं, फुकट आणि उत्तम, आणि बहुतेक लोक तिथंच वाचत. १ जुलै २०१३ रोजी गूगलनं ते बंद केलं. आरएसएस संपलं, असं तेव्हा खूप जणांनी लिहिलं. पण बंद पडलं होतं ते वाचायचं एक दुकान. फीडं जिथल्या तिथं होती, कारण ती प्रत्येकाच्या आपापल्या संकेतस्थळावर असतात. लोकांनी आपली यादी एका फाइलमध्ये उतरवून घेतली, दुसऱ्या रीडरमध्ये घातली आणि दुसऱ्या दिवशी तिथंच वाचायला बसले. एखाद्या समाजमाध्यमावर वर्षानुवर्षं जमवलेली माणसं ते माध्यम बंद झालं की अशी उचलून नेता येतात का? येत नाहीत. पुढं ब्राउझरांनीही फीडची खूण काढली, फायरफॉक्समधून ती सोय डिसेंबर २०१८ मध्ये गेली. त्यामुळं नव्या मुलांना हे दिसतच नाही. नसल्यामुळं नाही, खूण पुसल्यामुळं.

दुपारी ३:००

आता ‘आठवड्यातून’चा फोल्डर. यात परदेशी राजपत्रं आहेत. अमेरिकेचं फेडरल रजिस्टर हे या बाबतीत मला नमुनेदार वाटतं. तिथं प्रत्येक खात्याचं वेगळं फीड मिळतं, आणि आपण केलेल्या शोधाचंही फीड होतं. म्हणजे वाहनसुरक्षा खातं आणि आपल्या भागाशी संबंधित शब्द एवढंच लिहून शोध घ्यायचा आणि त्या शोधाचं फीड रीडरमध्ये ठेवायचं. युरोपीय संघाच्या यूर-लेक्सवरही शोधाचं फीड करता येतं.

याचा उपयोग कसा होतो, ते एका नियमावरून सांगते. मोटारींना आपोआप लागणारे तातडीचे ब्रेक सक्तीचे करणारा अमेरिकेचा अंतिम नियम मे २०२४ मध्ये फेडरल रजिस्टरमध्ये आला. त्या वेळी पूर्ततेची मुदत ठरली होती सप्टेंबर २०२९. वर्तमानपत्रात अशा नियमाची बातमी एका दिवसाची असते: नियम झाला, मुदत अमुक. पण नियमाच्या आधी प्रस्ताव येतो, हरकतींची मुदत असते, नियमानंतर फेरविचाराचे अर्ज येतात, त्यांवरची उत्तरं येतात, मुदती हलतात. हे सगळं बातमीत येत नाही, पण फीडमध्ये एकाखाली एक येत राहतं, कारण राजपत्राच्या दृष्टीनं प्रत्येक पायरी ही नोंदच असते. सेन्सरचा ब्रॅकेट करणारा मानेसरमधला लहान पुरवठादार हे वाचू लागला तर त्याला ग्राहकाच्या मेलची वाट बघावी लागणार नाही. मी शेजारच्या कारखान्यांतल्या ओळखीच्यांना हे सांगत असते. परिषदांना जाऊन जे कळतं त्याहून जास्त या फुकटच्या यादीतून कळतं.

दुपारी ४:२०

मुलगा परत येतो. त्यानं दुपारभर एका संकेतस्थळाचं फीड शोधलं आणि सापडलं नाही.

नसतंही कधी. अशा वेळी तीन वाटा. त्या पानाचा सोर्स उघडायचा आणि त्यात ‘आरएसएस’ किंवा ‘ॲटम’ हा शब्द शोधायचा, खूण पुसलेली असली तरी पत्ता कधीकधी आत शिल्लक असतो. नाही मिळाला तर पानावर लक्ष ठेवणारी साधनं असतात. ती ठरावीक वेळानं पान बघतात आणि काही बदललं की कळवतात. मात्र तारीख बदलली, भेट देणाऱ्यांचा आकडा वाढला तरी ओरडतात, म्हणून पानाचा नेमका भाग निवडून द्यावा लागतो. तिसरी वाट ईमेल वार्तापत्राची: ते असेल तर इनोरीडर किंवा फीडलीसारख्या सेवा त्यासाठी वेगळा पत्ता देतात आणि मेलचं फीड करून दाखवतात. ती सोय बहुधा पैशाच्या खात्यात असते.

आणि चौथी वाट म्हणजे लिहून मागणं. मी ती धरते. संकेतस्थळ सांभाळणाऱ्यांना सविस्तर मेल लिहिते की आपल्या परिपत्रकांचं फीड द्या, त्याला नव्यानं खर्च येत नाही, बहुतेक यंत्रणांमध्ये ती सोय आधीच असते, नुसती चालू करायची असते. सार्वजनिक कार्यालयांनी तरी हे केलंच पाहिजे असं माझं ठाम मत आहे. रिझर्व्ह बँक करते, सेबी करते, पीआयबी करतं. नियम लोकांनी पाळायचा असेल तर तो निघाल्याची खबर लोकांपर्यंत बिनमध्यस्थाची पोचली पाहिजे. नाहीतर वरून कापलेले फोटोच फिरत राहतात.

संध्याकाळी ६:१५

सुटी. बी-शिफ्टचा चहा चालू झालाय. बाहेर धूर आणि धूळ इतकी, की मास्क लावून रिक्षा बघते.

रात्री ९:१५

‘फुरसतीत’चा फोल्डर घरी, जेवणानंतर. हा सगळा मराठी. इथं नुसतं आपल्या भाषेतलं वाचायलाही ठरवून सोय करावी लागते, ती मी फीडनं केली आहे. लोकसत्ताचा एक विभाग, काही लिहिणारी माणसं, दोन पॉडकास्ट. मराठी विकिपीडियावर कोणत्याही पानाच्या ‘इतिहासा’चं ॲटम फीड मिळतं. माझ्या तालुक्याच्या पानाचं मी घेऊन ठेवलंय. कोणी नवा परिच्छेद घातला किंवा चुकीचा आकडा टाकला की ती दुरुस्ती नेमकी काय झाली, तेच दिसतं. महिनोन्महिने काही येत नाही, आणि मग एखाद्या रात्री कोणी तरी गावच्या तळ्याबद्दल दोन ओळी लिहिलेल्या असतात.

बाबांचा फोन येतो. त्यांना कीर्तनं ऐकायची असतात, पण हवी असतात ती दोनच चॅनलांवरची. गेल्या वेळी घरी गेले तेव्हा त्यांच्या फोनवर रीडर टाकून त्यात ती दोन फीडं घातली होती. “बाळा, नवीन एकच आलंय. बाकी काही दिसत नाही. बिघडलं का?”

“नाही बाबा, एकच आलंय म्हणून एकच दिसतंय.”

“मग ठीक आहे.”

रात्री १०:१०

झोपायच्या आधी यादीची डागडुजी. एका बातम्यांच्या फीडमध्ये नोंदी फार येऊ लागल्यात आणि त्यातलं मी क्वचितच काही उघडते, ते काढलं. एक फीड बरेच दिवस गप्प आहे. रीडर त्यावर चूक असल्याची खूण दाखवतो, म्हणजे पत्ता बदलला असणार. संकेतस्थळावर जाऊन नवा पत्ता घेतला, जुना काढून नवा घातला. गप्प असणं आणि तुटणं यांतला फरक बघत राहावा लागतो, एवढी एकच देखभाल या प्रकाराला आहे. मग यादी निर्यात केली. तिची फाइल ‘ओपीएमएल’ नावाच्या नमुन्यात निघते, काही केबींची असते आणि जवळपास कोणत्याही रीडरमध्ये घालता येते. ती मी स्वतःलाच मेल करून ठेवते.

मुलाचा मेसेज येऊन पडलाय. त्याला त्याच्या डिप्लोमा कॉलेजच्या संकेतस्थळाचं फीड हवंय, माजी विद्यार्थ्यांच्या नोकरीच्या सूचना तिथं लागतात म्हणे, आणि रीडरला ते सापडत नाहीये. मी बघते. वर्डप्रेस आहे. पत्त्यापुढं तिरकी रेघ आणि ‘फीड’ लिहिल्याबरोबर यादी उघडते. वरची नोंद बरीच जुनी आहे.

पत्ता त्याला पाठवते आणि खाली लिहिते: “आहे. सध्या त्यात नवीन काही नाही, पण यादीत राहू दे.”